काकूंचा कढीपत्ता

परदेशातल्या मराठी घरी पाहुणे आले की पहिली पाच मिनिटं कशी जातात ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कोट अडकवायचे, बूट रांगेत लावायचे, "मुलं किती उंच झाली!" म्हणायचं. मग पाहुण्यांतल्या बायका हळूच खिडकीकडे वळतात. "अगंबाई, तुझा कढीपत्ता बघू!" एखादं पान चुरगाळून वास घेतला जातो. झाड हिरवंगार असलं तर "काय घालतेस गं ह्याला?" आणि नुसत्या काड्या उरल्या असल्या तर कोणी काहीच बोलत नाही. ते न बोलणं फार लागतं हो मनाला.

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात दोन नव्या आलेल्या मुलींनी मला एकाच संध्याकाळी, वेगवेगळं गाठून, तोच प्रश्न विचारला. "काकू, आमचा कढीपत्ता पानं टाकतोय. रोज पाणी घालतेय तरी!" संपादक शेजारीच बटाटेवडा खात उभे होते. ते म्हणाले, हे लिहूनच द्या. वाचकहो, मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. एक झाड मी जवळजवळ मारलं होतं, ते कसं आणि पुढे काय झालं, एवढंच मला सांगता येईल.

आम्ही बॉबलिंगेनला राहतो. इथली माणसं 'ब्योब्लिंगेन' म्हणतात, पण माझ्या आईनं पहिल्या पत्रावर बॉबलिंगेन लिहिलं आणि ते पत्र पोचलं, तेव्हापासून आमच्या घरात तेच नाव चालू आहे. गाव स्टुटगार्टच्या नैऋत्येला, एस-१ लोकलच्या मार्गावर. लागूनच झिंडेलफिंगेन, मर्सिडीज मोटारींच्या कारखान्याचं गाव. १९५३ साली इथे आय.बी.एम.ची प्रयोगशाळा निघाली आणि १९५९ साली ह्यूलेट-पॅकार्डनं अमेरिकेबाहेरचा आपला पहिला कारखाना इथेच काढला. त्यामुळे इंजिनियर मंडळींबरोबर आपली चार मराठी घरंही ह्या भागात आली. स्टुटगार्ट आणि मुंबई ह्या १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, हे नव्या मंडळींना सांगितलं की त्यांना बरं वाटतं.

तर काकू. काकू आणि काका झिंडेलफिंगेनला पंचवीसएक वर्षं राहिले. काका निवृत्त झाले आणि १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये दोघं कायमची पुण्याला परत निघाली. सामान वाटून टाकलं. पाटा-वरवंटा एकीकडे, इडलीपात्र दुसरीकडे, गणपतीच्या मखराचा पुठ्ठा तिसरीकडे. आणि कढीपत्ता आमच्याकडे. हा काही साधासुधा कढीपत्ता नव्हे. १९८४ च्या उन्हाळ्यात काकूंनी साताऱ्याहून आणलेल्या बियांचं हे झाड. माझ्या छातीइतकं उंच. त्याच्या मुळांतून फुटलेली पिल्लं ट्युबिंगेन, कार्ल्सरुहे, अगदी झ्यूरिकपर्यंत मराठी घरांत गेलेली. सगळ्यांच्या फोडणीतला वास ह्या एका झाडाचा! काकूंनी ते माझ्या मांडीवर ठेवलं, मोटारीचं दार लावलं, आणि काचेतून मला नाही, त्या झाडाला हात केला.

सोबत एक कागद दिला होता. त्यावर चार ओळी होत्या, त्यातली पहिली: "पाणी बेतानं घालणे." आता बेतानं म्हणजे किती, हे कोणी कधी लिहून ठेवलंय का? आपल्याकडे पाककृतीतही "मीठ चवीपुरतं" असतं.

पहिले तीन आठवडे बरे गेले. मी त्याला दिवाणखान्याच्या खिडकीत ठेवलं, खाली हीटर, म्हणजे पाय उबदार राहतील. आणि काकूंचं झाड मळक्या प्लास्टिकच्या कुंडीत कसं ठेवायचं, म्हणून एक सुंदर निळी चिनी मातीची बाहेरची कुंडी आणली. इथल्या दुकानांत ह्या शोभेच्या कुंड्या मिळतात, त्यांना तळाला भोक नसतं. ही कुंडी लक्षात ठेवा.

नोव्हेंबरच्या मध्यावर पानं पिवळी पडून गळायला लागली. आधी खालची, मग वरची. सकाळी उठावं तर खिडकीच्या फळीवर पानांचा सडा. मी घाबरले आणि घाबरलेली बाई जे करते ते सगळं केलं. पाणी वाढवलं. खताच्या कांड्या खोचल्या. दर चार दिवसांनी कुंडी ह्या खिडकीतून त्या खिडकीत. आईनं फोनवर सांगितलं, ताक घाल, म्हणून ताकही घातलं. तुम्ही हसाल, पण गावाकडे कढीपत्त्याला आंबट ताक घालतातच, आणि आमच्या वाड्यातलं झाड त्यावरच पोसलं होतं. फक्त आमच्या वाड्यातलं झाड अंगणात होतं, आणि हे होतं बंद खिडक्यांच्या, तेवीस अंशांच्या खोलीत. आठवड्यात घरात असा वास सुटला की आमचे हे म्हणाले, "फ्रिजमध्ये काही मेलंय का बघ." आणि कुंडीवर बारीक काळ्या माश्या घोंघावू लागल्या. ह्या माश्यांना जर्मन भाषेत 'ट्राउअर-म्युकेन' म्हणतात, म्हणजे शब्दशः दुखवट्याची चिलटं. नाव वाचून माझ्या पोटात गोळाच आला.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही टेलिफोन-कार्ड खरवडून पुण्याला फोन करायचो. काकू आधी आमची चौकशी करायच्या, मग मुलाची, आणि मग आवाज जरा हळू करून, "आणि तो कसा आहे गं?" नोव्हेंबरमध्ये मी म्हटलं, "छान आहे." डिसेंबरमध्ये म्हटलं, "छान आहे काकू, थोडी पानं गळताहेत एवढंच." तेव्हा झाडावर मोजून अकरा पानं होती. जानेवारीत एकही नव्हतं, आणि मी म्हटलं, "मजेत आहे." आमचा सात वर्षांचा मुलगा शेजारी उभा राहून माझ्याकडे बघत होता. फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं, "आई, तू खोटं का बोललीस?" मी त्याला झोपायला पाठवलं.

आता खालच्या मजल्यावरच्या आजींबद्दल सांगायला हवं. श्वाबेनमध्ये राहणाऱ्यांना 'केर-वोखे' ही काय चीज आहे ते माहीत आहे. प्रत्येक घराकडे आळीपाळीनं आठवडाभर जिन्याच्या झाडलोटीची पाळी येते, पाटी आपल्या दाराला लटकते आणि मग सुटका नाही. त्या आठवड्यात पाळी आजींची होती. मी कचरा खाली नेताना गळलेल्या काड्या जिन्यात सांडल्या, आणि त्या एक काडी चिमटीत धरून आमच्या दाराशी आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांनी काडी नाकाशी धरली होती. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. मी त्यांना आत बोलावून झाड दाखवलं आणि, काय झालं कोण जाणे, परक्या बाईसमोर रडायलाच लागले.

त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. बाह्या सरसावल्या, झाड बुंध्याशी धरून निळ्या कुंडीतून वर उचललं, आणि आत बोट दाखवलं. चार बोटं पाणी साठलेलं होतं, गढूळ, ताकाच्या वासाचं. "तुमचं झाड तहानलेलं नाही," त्या म्हणाल्या, "बुडालेलं आहे." मग नखानं त्यांनी बुंध्याची साल एवढीशी खरवडली. वरच्या फांदीवर आत तपकिरी, कोरडं. जरा खाली, तरीही तपकिरी. जमिनीपासून वीतभर उंचीवर मात्र हिरवं, ओलसर. "जिवंत आहे," असं म्हणून त्या वर्तमानपत्र मागू लागल्या.

पुढचा तासभर आम्ही दोघींनी स्वयंपाकघराच्या फरशीवर जे केलं, ते आजही कोणाचं झाड असं बुडालं तर मी तसंच करते, म्हणून जरा सविस्तर सांगते. झाड प्लास्टिकच्या कुंडीतूनही काढलं. माती झटकली. मुळांचा रंग बघितला. निरोगी मूळ फिकट, पांढरट-पिवळसर आणि दाबलं तर टणक असतं. कुजलेलं काळपट, बुळबुळीत, साल हातात येते आणि घाण वास येतो. आमची निम्म्याहून जास्त मुळं कुजलेली होती. ती स्वच्छ कात्रीनं, चांगला भाग लागेपर्यंत कापली. मुळं इतकी कमी झाली म्हटल्यावर वरचा पसाराही तेवढाच कमी करायला हवा, म्हणून आजींनी वाळलेल्या फांद्या हिरवा भाग लागेपर्यंत छाटल्या. माझ्या छातीइतकं झाड गुडघ्याएवढं झालं! मग आधीपेक्षा लहान कुंडी घेतली, तळाला भोकं असलेली. लहान का, तर मोठ्या कुंडीतल्या जास्तीच्या मातीत मुळं पोचत नाहीत, आणि ती माती ओलीच राहते. नवी माती घेतली, तीत एक तृतीयांश भरड वाळू आणि ठिसूळ खडी. खत मुळीच नाही. पाणी अगदी एक पेला, तेही त्या दिवशी नाही, तीन दिवसांनी.

"आणि आता?" मी विचारलं. "आता काही नाही," आजी म्हणाल्या. ते 'काही नाही' मला त्या सगळ्या कामापेक्षा जड गेलं.

काय बिघडलं होतं, ते मला नंतर हळूहळू उमगलं, आणि त्यात निळ्या कुंडीइतकाच आपल्या समजुतीचा दोष होता. आपल्याला वाटतं, झाडाला इथे थंडी बाधते. थंडी बाधतेच, पण त्याआधी त्याला अंधार बाधतो. पुणं विषुववृत्तापासून साडेअठरा अंश उत्तरेला, बॉबलिंगेन जवळजवळ एकोणपन्नास. २१ डिसेंबरला पुण्यात दिवस अकरा तासांचा असतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर येतो. आपल्याकडे त्याच दिवशी दिवस सव्वाआठ तासांचा, आणि दुपारचा सूर्य १८ अंशांवर, म्हणजे समोरच्या इमारतीच्या कौलांना टेकलेला, तोही ढगांतून दिसला तर. झाड उजेडावर अन्न तयार करतं आणि तेव्हाच पाणी ओढतं. उजेड नसला की ते गिऱ्हाईक नसलेल्या दुकानासारखं शटर ओढून बसतं. उत्तर भारतातल्या कडक थंडीतही कढीपत्ता पानं टाकून बसतो आणि तिथे कोणाच्या पोटात दुखत नाही. आपण मात्र पानं गळली म्हणून पाणी घालतो, ते पाणी कोणी पीत नाही, ओल्या मातीत हवा उरत नाही, आणि मुळं गुदमरून कुजतात. मुळं कुजली की वरची पानं पाण्याअभावी आणखी माना टाकतात. आपल्याला वाटतं, बघा, तहान लागलीय! पुन्हा तांब्या.

त्यात हीटरवरची खिडकी. खालून कोरडी गरम हवा, आणि दिवसातून दोनदा आपण इथल्या रीतीप्रमाणे पाच मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडतो, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. त्या पाच मिनिटांत उणे पाच अंशांचा वारा थेट झाडावर. खिडक्या उघडायच्याच, घरमालकाच्या करारातही लिहिलेलं असतं बहुतेक ठिकाणी, पण तेवढ्यापुरतं झाड उचलून आत ठेवावं. मी आजही ठेवते. माझे हे त्याला 'झाडाची कवायत' म्हणतात.

आजींच्या सल्ल्यानं झाडाची रवानगी जिन्यातल्या मोठ्या खिडकीशी झाली. तिथे बारा-तेरा अंश, उजेड चांगला, हीटर नाही. जिन्यात काही ठेवायचं नाही असा इमारतीचा नियम आहे, आणि तो नियम सगळ्यांना ऐकवणाऱ्या स्वतः आजीच. पण त्या झाडाला कोणी काही बोललं नाही. कोण बोलणार? शेवटी मार्ग दोनच असतात. झाड उबदार ठेवायचं तर उजेडही भरपूर द्यायचा, आणि तेवढा उजेड देता येत नसेल तर थंड जागी, जवळजवळ कोरडं ठेवून झोपू द्यायचं. ऊब भरपूर आणि उजेड नाही, हा जो आपल्या सगळ्यांच्या दिवाणखान्यातला प्रकार आहे, तो सगळ्यात वाईट.

मग वाट बघणं. जानेवारीचा उरलेला अर्धा महिना, पूर्ण फेब्रुवारी, मार्च. मी रोज जिन्यात जाऊन त्या काड्यांकडे बघायची. बोट मातीत दोन पेरं खुपसून बघायचं, आत कोरडं लागलं तर अर्धा पेला, नाहीतर परत फिरायचं. घरात फोडणी वाळवलेल्या पानांची. खरं सांगू, वाळलेल्या कढीपत्त्याला वासच नसतो, कागद तळल्यासारखं लागतं. ताजी पानं फ्रीजरमध्ये ठेवलेली कितीतरी बरी.

ह्याच काळात एक गंमत झाली. आजींना झाडाचं नाव हवं होतं. 'कढीपत्ता' त्यांच्या जिभेवर बसेना, आणि 'करी-क्राउट' म्हणावं तर त्या नावानं इथे दुसरंच एक झुडूप विकतात, राखाडी पानांचं, भूमध्य समुद्राकडचं. वास थोडाफार मसाल्यासारखा, पण आपल्या कढीपत्त्याशी नातं काही नाही. (नव्या मंडळींनो, ते घेऊन फसू नका, मीही एकदा घेतलंय.) म्हणून मी वाचनालयात जाऊन लॅटिन नाव शोधून आणलं: मुराया कोएनिगी. आजी म्हणाल्या, "कोएनिग? हे तर आमचं नाव!" आणि खरंच तसं निघालं. योहान गेरहार्ड कोएनिग हा लिवोनियात, म्हणजे बाल्टिक किनाऱ्याच्या प्रदेशात, जन्मलेला जर्मनभाषी डॉक्टर, लिनिअसचा शिष्य. १७६८ साली तो तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला डॅनिश मिशनचा वैद्य म्हणून गेला, तिथली झाडं गोळा करून युरोपात धाडत राहिला आणि १७८५ साली भारतातच वारला. आपल्या फोडणीतल्या पानाला त्याचं नाव मिळालं. आणि 'मुराया' ज्याच्यावरून, तो मरे गटिंगेनच्या विद्यापीठात प्राध्यापक होता. अलीकडे शास्त्रज्ञ ह्या झाडाला 'बेर्गेरा कोएनिगी' म्हणू लागलेत, पण कोएनिग कायम आहे. त्या दिवसापासून आजी जिन्यातून जाताना झाडाला 'हेर कोएनिग' म्हणू लागल्या. कोएनिग म्हणजे राजा, हे तुम्हाला सांगायला नकोच.

त्या पुस्तकातून मला कामाची गोष्ट कळली ती वेगळीच. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला. आपला बेल आणि कवठही त्याच कुळातले. हे कळल्यावर कोडं अर्धं सुटलं, कारण लिंबाची झाडं कुंडीत कशी जगवायची हे जर्मन लोकांना चांगलं ठाऊक आहे. आमच्याच जिल्ह्यात लेओनबेर्गला राजवाड्याच्या उतारावर 'पोमेरान्त्सन-गार्टन' आहे, कडू संत्र्यांची बाग. १६०९ साली हाइनरिख शिकहार्टनं ती डचेस सिबिलासाठी आखली, आणि १९८० मध्ये ती जुन्या आराखड्यावरून पुन्हा उभी केली. पुढे जूनमध्ये आम्ही आजींना घेऊन तिथे गेलो. अशी झाडं उन्हाळ्यात बाहेर, हिवाळ्यात थंड पण उजेडाच्या जागी आत, ही रीत इथे शेकडो वर्षांची. आम्ही मात्र आमच्या राजाला हीटरवर बसवलं होतं.

म्हणून लिंबाच्या झाडांसाठीची माती आणि खत जे बागसामानाच्या दुकानात मिळतं, तेच कढीपत्त्याला घाला. खत एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतच. पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर तो पाण्याचा प्रश्न नाही, लोहाचा आहे. आपल्याकडच्या नळाच्या पाण्यात चुना असतो, चहाच्या किटलीत पांढरा थर बसतो तोच. चुन्यानं माती अल्कधर्मी होते आणि त्यातलं लोह झाडाला घेता येत नाही. पावसाचं पाणी साठवून घालावं, ते नसेल तर लिंबाच्या झाडांच्या खतात लोह असतंच. आता लक्षात येतं की आपल्या आज्या आंबट ताक घालायच्या त्यात काही अर्थ असेलही. पण माझं मत विचाराल तर उन्हाळ्यात, बाल्कनीत, पाण्यात भरपूर पातळ करून, महिन्यातून एकदा. बंद घरात पुन्हा नाही!

किडीबद्दल थोडक्यात. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत पानांखाली बारीक जाळी दिसली तर ते कोळी, देठांवर तपकिरी खवले किंवा कापसासारखे पुंजके दिसले तर तीही कीडच. पान चिकट लागलं की समजावं. शॉवरखाली धुवावं, मऊ साबणाच्या पाण्यानं पुसावं, आठवड्यानं परत. खाण्याचं झाड आहे, विषारी फवारे नकोत.

एप्रिलच्या मध्यावर एका शनिवारी मुलगा जिन्यातून ओरडत आला. बुंध्यावर, मातीपासून चार बोटांवर, मोहरीएवढा लालसर ठिपका दिसत होता. आठवड्यानं त्याची दोन पानं झाली. मी एकाच्या टोकाला हात लावला आणि बोटांचा वास घेत तिथेच पायरीवर बसले.

मला ते लगेच बाल्कनीत न्यायचं होतं, ऊन छान पडलं होतं. आजींनी हात धरला. "आइस-हायलिगे झाल्याशिवाय नाही." हे जर्मनीतले 'बर्फाचे संत'. मे महिन्यात १२ तारखेला पांक्राटिउस, १३ ला सेर्वाटिउस, १४ ला बोनिफाटिउस, आणि १५ ला 'थंड सोफी'. हे चार दिवस उलटेपर्यंत पहाटे हिव पडू शकतं, म्हणून नाजूक रोपं बाहेर काढायची नाहीत. आपल्याकडे मृग लागल्याशिवाय पेरणीचं बोलायचं नाही, तसंच. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. १६ मेला राजेसाहेब बाल्कनीत गेले, पहिले आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळच्या उन्हात, कारण घरात वाढलेलं पान एकदम उन्हात ठेवलं तर भाजतं.

आणि मेचा फोन? सोफी यायच्या आधीच, पहिल्या रविवारी, मी काकूंना सगळं सांगून टाकलं. निळी कुंडी, ताक, माश्या, खोटं बोलणं, सगळं. पलीकडे शांतता. मला वाटलं कार्डातले पैसे संपले. मग काकू हसायला लागल्या. "अगं, मी दोनदा मारलंय ते झाड. एकदा तर बुडखाच उरला होता, काका म्हणाले फेकून दे. कागदावर लिहिणार होते तुला, पण म्हटलं, हिला काय वाटेल." मी म्हटलं, "काकू, लिहिलं असतं तर माझे चार महिने वाचले असते हो!" त्या म्हणाल्या, "आणि तू पहिल्याच फोनला खरं सांगितलं असतंस तर?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

काकू आता नाहीत. खालच्या आजीही नाहीत. जिन्यातल्या त्या खिडकीशी 'राजा' मात्र दर हिवाळ्यात जातो, आणि आजींच्या घरात राहायला आलेलं तरुण जोडपं काही म्हणत नाही. दर मार्चमध्ये शेंडे छाटते, त्यानं फांद्या फुटून झाड डेरेदार होतं. पांढऱ्या फुलांचे झुपके आले की खुडते, म्हणजे जोर पानांत जातो. एक झुपका ठेवते, वासासाठी. फळं काळी होतात; त्यांचं बी मात्र मुलांना खाऊ देऊ नका.

नव्या मंडळींसाठी दोन गोष्टी. एक, भारतातून रोप, माती किंवा ताजी पानं बॅगेत घालून आणू नका. काकूंनी बिया आणल्या तेव्हा आपल्यापैकी कोणाला नियम ठाऊक नव्हते, पण १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात प्रवाशांनाही रोपं, बिया आणि बहुतेक ताज्या फळा-पानांसाठी वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, आणि मातीला तर बंदीच आहे. हा नुसता सरकारी जाच नाही. कढीपत्त्यावर जगणारा एक पिटुकला किडा संत्र्या-मोसंब्यांना 'ग्रीनिंग' रोग देतो. २००५ साली तो रोग फ्लोरिडात सापडला आणि तिथल्या बागांची फार मोठी हानी झाली. स्पेन-इटलीच्या बागांत तो आपल्या हँडबॅगेतून जाऊ नये. रोपं आता इथल्या रोपवाटिकांतूनही मिळतात. दुसरी, दिव्यांची सोय. आमच्या वेळी नव्हती, आता पांढरे एलईडी दिवे स्वस्त झालेत. झाडाच्या वर हातभर अंतरावर दिवा आणि दहा-बारा तासांचं टायमर लावलं, तर दिवाणखान्यातही पानं टिकतात. माझ्या सुनेचा कढीपत्ता तसा आहे, आणि हिवाळ्यात फोडणीला मी तिच्याकडूनच पानं आणते.

तुळशीचं कोणी विचारेलच. तिचं तंत्र वेगळं. ती इथे क्वचितच दुसरा हिवाळा बघते, त्याचं मनाला लावून घेऊ नये. मंजिऱ्या वाळवून बी ठेवावं आणि मार्चमध्ये उबदार खिडकीत पेरावं. बी मातीवर नुसतं भुरभुरावं, झाकू नये, त्याला उगवायला उजेड लागतो.

ह्या वर्षी राजाला तीन पिल्लं फुटली आहेत. एप्रिलमध्ये वेगळी करून कुंड्यांत लावली, तिन्ही रुजली. दोन त्या दिवाळीतल्या मुलींसाठी ठेवली आहेत, एक शिल्लक आहे. ज्यांना हवं असेल त्यांनी मंडळाच्या चिटणिसांना कळवावं आणि १६ मेनंतर घरी यावं, चहा होईल. कुंडी आपापली आणावी, तळाला भोकं असलेली.